मांडीतली मान

"पायाळू मॅडम हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

दूधवाल्याच्याही आधी फाटकाशी हा प्रश्न यायचा. मी वरच्या गॅलरीतून खाली बघायचे. कुणीतरी कमरेवर हात ठेवून, तोंड वाकडं करून उभं असायचं. "डावीकडचं दार. पाय नीट पुसून आत जा," एवढं सांगून मी चहा ठेवायला वळायचे. पाय पुसायला सांगणं हे काही स्वच्छतेसाठी नव्हतं. ओल्या तळव्यानं कुणी फरशीवर आलं की मॅडमना घाम फुटायचा.

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आलेलं माणूस. अशा माणसानं उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की उसण निघते, असं आमच्याकडं मानतात. माझ्या घरमालकीणबाई पायाळू होत्या. आणि त्याच बाई सगळी नोकरी मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवून निवृत्त झाल्या होत्या. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात, हे मला त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला गेल्यावर कळलं. भांडत नांदायच्या.

मी तेव्हा एका साखर कारखान्याच्या शहरातल्या ऑफिसात होते. नवरा बदलीच्या गावी, मुलगा पुण्यात शिकायला. मला स्वस्त, शांत आणि पाण्याची बोंब नसलेली जागा हवी होती. जागा तशीच होती. करार झाल्यावर मी जिना उतरले, तेव्हा मॅडम खाली उभ्या राहून माझे पाय बघत होत्या. मी शेवटच्या पायरीवर आले तशा म्हणाल्या, "पर्स कायम डाव्या खांद्याला घेता ना? उजवा खुबा झिजवणार तुम्ही."

मला राग आला. घरी जाऊन आरशात बघितलं, तर डावा खांदा खरंच वर होता. राग आणखी वाढला.

मॅडम ठेंगण्या, सडपातळ. केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात दोरीनं अडकवलेला मोबाइल. फोन वाजला म्हणून माणूस धावतं आणि पडतं, तेव्हा फोन अंगावरच असावा, हा त्यांचा हिशेब. स्वयंपाकघरात फ्रिजवर एक कापडी पिशवी असायची. तिच्यात त्यांनी स्वतः शिकताना घेतलेली दोन हाडं होती, एक मांडीचं आणि एक खुब्याचं. संध्याकाळी बातम्या बघताना त्या ती मांडीवर घ्यायच्या. मांडीच्या हाडाचं गोल डोकं खुब्याच्या उखळीत बसवायच्या आणि हळूहळू फिरवत राहायच्या. इतर बायका वाती वळतात तसं. मी पाण्याच्या मोटारीची किल्ली मागायला खाली गेले की तो खर्र खर्र आवाज यायचा. पहिले काही दिवस मी किल्ली घेऊन दारातूनच परतायचे. मग सवय झाली. नंतर तर त्यांनी चहा करायला पाठवलं की मीच पिशवी बाजूला सरकवून साखरेचा डबा काढायचे.

"माणसाला माना किती?" असं त्या नव्या माणसाला विचारायच्या.

समोरचा अर्थातच एक म्हणायचा.

"तीन. एक डोक्याखाली. दोन मांड्यांत." मग पिशवीतून हाड निघायचं. "हे डोकं. हे उखळीत बसतं. त्याच्याखाली ही तिरकी पट्टी दिसते? ही मान. सगळ्या अंगाचा भार या मानेवरून खाली उतरतो. वरची मान ताठ ठेवायची सगळ्यांना हौस. या दोन माना आहेत हेच कुणाला ठाऊक नसतं. मोडली की कळतं."

पाहुणा चहा न पिता निघून जायचा.

मॅडमचा पक्का समज होता, की सगळं कोल्हापूर आज ना उद्या न्हाणीघरात पडणार आहे. आमच्या गल्लीत सकाळी बायका दारासमोर पाणी मारायच्या. मॅडम फाटकात आल्या की समोरची सून हाक मारायची, "आत्याबाई, मॅडम आल्या, फडकं घ्या!" आणि दोघी खुदुखुदु हसायच्या. मॅडमना हसण्याचं काही नव्हतं. त्या सरळ लोकांच्या घरात शिरून न्हाणीत पोतं अंथरून यायच्या. लग्नाला गेल्या तर जेवणावळीत त्यांचं लक्ष वाढप्यांच्या पायांखाली. जोतिबाला गेल्या की दर्शनापेक्षा पायऱ्यांवर जास्त वेळ. बाजूला उभ्या राहून उतरणाऱ्यांचे गुडघे बघत राहायच्या आणि कुणाला तरी बोलायच्याच, "दादा, नारळ दुसऱ्या हातात घ्या." लोकांना वाटायचं म्हातारी पुजाऱ्यांपैकी कुणी आहे. ते निमूटपणे नारळ दुसऱ्या हातात घ्यायचे.

लाथेचं मात्र त्यांनी एक पद्धतशीर काम करून टाकलं होतं. येणारा म्हणायचा उसण भरली. मॅडम आधी त्याला ओसरीभर चालवायच्या, मग एका पायावर उभं करायच्या, मग दुसऱ्यावर. कॉटवर झोपवून पाय वाकवून बघायच्या. खरोखरच पाठ लचकलेली असली तर उंबऱ्यात बाहेर तोंड करून उभं करून कमरेला हलकासा पाय लावायच्या. दुसरं काही वाटलं तर दवाखान्यात पिटाळायच्या.

मी एकदा विचारलं, "तुम्ही एवढ्या शिकलेल्या, आणि हे लाथेचं थोतांड कशाला चालवता?"

"लाथ आहे म्हणून येतात ते. तपासून घ्यायला कोण आलं असतं निवृत्त मास्तरणीकडं?"

एकदा तालमीतला एक पैलवान आला. दारात अंधार झाला एवढा मोठा. मॅडम त्याच्या काखेपर्यंत जेमतेम. तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, जरा जोरात हाणा. हळू मारलेलं मला कळत न्हाय."

"उजव्या पायावर उभा राहा."

तो उभा राहिला तशी त्याची डावी कंबर खाली झुकली. मॅडमनी दोनदा करायला लावलं, दोन्ही वेळा झुकली.

"ही उसण नव्हे. उजव्या खुब्याचा स्नायू दुखावलाय. दुखणं थांबेपर्यंत आखाड्यात उतरायचं नाही. शेक घे, व्यायामशाळेकडं फिरकू नको."

पैलवानाचा चेहरा पडला. "म्हंजी लाथ न्हायच व्हय?"

शेवटी मॅडमनी अंगठा टेकवल्यासारखा पाय लावला. पैलवान सरळ झाला, दोनदा कंबर हलवून बघितली आणि म्हणाला, "आता बघा! सुटलं की!" तो गेल्यावर मॅडम खुर्चीत बसल्या. "एवढी वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या, "एकाही पोराला इतकं पटकन काही पटलं नाही."

त्यांचं गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, घरात कन्नड आणि दारात मराठी. लहानपणी शाळेत जायच्या आधी दोन-चार जणांना लाथा घालून मग पाटी उचलायची. "पहिलीत असताना मी सरपंचाला लाथ मारलीय. हेडमास्तरांना मारलीय. पुढं मला कुणाची भीती वाटली नाही," असं त्या सांगायच्या. माणसांपुरतं ते खरं होतं. बाकी जगात त्यांना भीती न वाटणारी गोष्ट मी पाहिली नाही. रक्ताची तर इतकी, की माझं बोट विळीवर कापलं तेव्हा त्याच भिंतीला टेकून खाली बसल्या. म्हणूनच त्या रोग्यांच्या वाटेला न जाता हाडांकडं राहिल्या. हाडं वाळलेली असतात, ओरडत नाहीत, आणि पुन्हा पडत नाहीत.

आपल्या जन्माबद्दल त्या एकदाच बोलल्या. दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटं जुळवून त्यांनी एक कडं केलं. "खुब्याची दोन हाडं पुढं अशी जुळतात, मागं मणक्याच्या बुडाशी. मधे हे दार राहतं. डोकं आधी आलं तर दार किती उघडायचं ते ठरतं. मी पाय आधी घातले. अंग आलं, डोकं अडकलं." मग म्हणाल्या, "आईनं, आमच्या अव्वानं, पुढं दुसरं मूल होऊ दिलं नाही. गाव म्हणायचं, नशिबवान पोर आहे, हिच्या पायात गुण आहे. अव्वा काही म्हणायची नाही." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

हे सगळं ऐकायला गमतीचं होतं, आणि मी ऑफिसात त्याच्या गोष्टी सांगायचेही. एका पावसाळ्यात माझी आई आली, तेव्हा गंमत संपली.

आईची जमीन शाहूवाडीकडं डोंगरात. भाताची. लावणीला वाकायचं, तण भांगलताना उकिडवं बसायचं, धार काढताना उकिडवं बसायचं, जेवायला मांडी घालून. तिचं सगळं जगणं जमिनीपासून वीतभर उंचीवर. ती गोठ्यात घसरली, उठली, राहिलेली धार काढली, आणि मग तिला चालताना कळ यायला लागली. थोरल्या भावानं तिला तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं कुठं दुखतं, आई म्हणाली कंबरंत. त्यांनी कमरेचा फोटो काढला. काही मोडलेलं नाही म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. कळ राहिली. तेव्हा आईनं स्वतःच निदान केलं, की ही उसण आहे, आणि लेकीच्या घरमालकीणबाई पायाळू आहेत. दिवाळीत आली होती तेव्हा तिनं स्वतःच्या डोळ्यांनी लाथा बघितल्या होत्या. मला फोनसुद्धा न करता दोघं सकाळची एसटी धरून आली.

रिक्षा थांबल्याचं ऐकून मी गॅलरीत आले. आई काठी टेकत फाटकातून आत येत होती, मागून दादा पिशवी घेऊन. मी हाक मारणार, तेवढ्यात खालून मॅडमचा आवाज आला. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"थांबा! तिथंच थांबा! पाऊल टाकू नका!"

आई दचकून उभी राहिली. मी जिना उतरून येईतो मॅडमनी खुर्ची नेऊन तिच्या मागं टेकवली होती.

"अवो बाई, मी हाय की. हिची आई," आई म्हणाली. "उसण भरलीया. तुमची लाथ घ्याया आलोय."

"बसा आधी. कुठं दुखतंय?"

"कंबरंत."

"कंबर म्हणू नका. हात ठेवा."

आईनं इकडंतिकडं बघितलं. मी दादाला मोटार बघायला म्हणून मागं पाठवलं. मग तिनं हात ठेवला, डाव्या जांघेवर. आणि तिथून खाली सरकवत गुडघ्यापर्यंत आणला.

मॅडमनी फोटो मागितला. उजेडात धरला आणि बराच वेळ बघितला. "हा मणक्यांचा फोटो आहे. चांगला आहे. मणके ठीक आहेत." मग फिल्मच्या खालच्या कडेवर नख ठेवलं. "खुबा यात आलेलाच नाही. फोटो जिथं संपतो, तिथून पुढं मान सुरू होते."

आमच्याकडं पाठीच्या खालपासून मांडीच्या वरपर्यंत सगळ्याला कंबरच म्हणतात. आईनं तेच सांगितलं, डॉक्टरांनी तेच ऐकलं.

दादाला बोलावून आम्ही तिला खुर्चीसकट आत नेलं आणि कॉटवर आडवं केलं. मॅडमनी तिला एका पायावर उभं केलं नाही, पाय वाकवून बघितला नाही. फक्त तळपायाला टाचेशी मूठ हलकेच आपटली. आईनं चादर घट्ट धरली.

"कुठं लागलं?"

"वर. जांघंत."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "मान मोडली असावी. पण तुकडे एकमेकांत रुतून बसलेत, म्हणून चालता येतंय. फोटो काढेपर्यंत नक्की नाही. पण मोडलीच आहे असं धरून चालायचं."

दादा दाराशी उभा होता. "मोडलं असतं तर आई चालत आली असती व्हय?" तो म्हणाला. "डॉक्टरनं सांगितलंय काय न्हाय म्हणून. मॅडम, तुमी फकस्त पाय लावा. आमाला परतीची गाडी गाठायचीया, गुरं तशीच सोडून आलोय."

"पाय लावला तर हिचा पाय जाईल."

"सगळ्यांस्नी लावताय की!"

"सगळ्यांना नाही लावत."

आईनं एवढंच ऐकलं. ती गावाकडची मानी बाई. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्यांच्या मनात न्हाय तर ऱ्हाऊ दे. आमी काय जबरदस्ती करतोय व्हय. गंगावेशीत बी एक पायाळू हाय म्हनं. चल रं." आणि कोपरावर रेटून उठायला लागली.

मी तिला दाबून धरलं. मॅडमनी तिची काठी उचलली, चपला उचलल्या, आणि तशाच स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा हातात ती कापडी पिशवी होती.

"शिवा शिवा," आई हाड बघून म्हणाली. "कुणाचं हाय ते?"

"बाईमाणसाचं. साधारण तुमच्या उंचीच्या. तुमच्याकडं कुऱ्हाड असेल ना?"

"कुऱ्हाडीबिगर घर आसतंय व्हय?"

"दांडा ढिला झाला की काय करता?"

"पाचर मारायची."

मॅडमनी हाडाची मान चिमटीत धरली. "तुमची इथं मोडलीय. पण पडताना हाडच हाडात घुसलं, पाचर बसल्यासारखं. आपोआप बसलंय, ठोकून बसवलेलं नाही. मी लाथ मारली तर ती पाचर निघेल. या डोक्याला रक्त या मानेवरूनच जातं. मान सरकली तर रक्त तुटतं, डोकं सुकतं. मग तुमचं हाड काढून धातूचं बसवावं लागेल. त्यावर चालाल. उकिडवं बसायला मिळणार नाही. भात लावायचं नाही, धार काढायची नाही."

आई हाडाकडं बघत राहिली. मग दादाला म्हणाली, "गुरांचं शेजाऱ्याला सांग फोन करून." आणि मॅडमना, "पर मी एवढी चाललो, एसटीत बसलो. आजून हाय का पाचर?"

मॅडमनी स्टूल ओढून आणलं. त्यांनी मला कॉटच्या पायथ्याशी स्टुलावर बसवलं. "अंगठ्याकडं बघत बस. अंगठा छताकडं आहे तोवर आशा आहे. भिंतीकडं वळला, पाय बाहेर पडला, तर पाचर निघाली समज, मला हाक मार."

मी हॉस्पिटलला फोन केला. रुग्णवाहिका निघाली म्हणाले, पण रस्त्यात पाणी साचलेलं आणि गाड्या अडकलेल्या. मी अंगठ्याकडं बघत बसले. आईच्या त्या अंगठ्याला नख नाही, विळ्यानं गेलेलं. इतकी वर्षं मी तो बघितला असेन, पण असा कधी बघितला नव्हता. जरा वेळ बघितलं की तो हलल्यासारखा वाटायचा. मी डोळे मिटून पुन्हा बघायचे. होता तिथंच असायचा. मग पुन्हा हलायचा.

"काय बघाय लागलीस माझ्या पायाकडं येवढं?" आई म्हणाली. "पूजा कराय लागलीस व्हय?"

मॅडम खोलीत येरझाऱ्या घालत होत्या. दर फेरीला विचारायच्या, "कुठं बघतोय?" आणि मी म्हणायचे, "वर."

तेवढ्यात आईला बाहेर जायचं झालं. मॅडमनी उठायचं नाही म्हणून मान हलवली. आईनं तोंड भिंतीकडं केलं. "आडवं पडून मला न्हाय व्हायाचं. माझी लाज काढू नगा." शेवटी दादाला दाराबाहेर काढलं, जुनी चादर घडी करून खाली सरकवली. मॅडमनी तिचा खुबा दोन्ही तळव्यांत तोलून धरला, काचेचं भांडं धरावं तसा. कसंबसं झालं. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं, दुखून नाही. मी चादर गुंडाळून टाकली आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसले. अंगठा वर होता.

गाडी आली ती गल्लीच्या तोंडाशीच अडली. स्ट्रेचर आणायला माणूस एकच. मॅडमनी गळ्यातल्या मोबाइलवरून तालमीत फोन लावला. जोर मारता मारता उठून आल्यासारखे चौघं आले, त्यांत तोच पैलवान.

"ताकद लावायची नाही," मॅडमनी दम भरला. "अंड्यांची टोपली आहे असं समजून उचला. मी म्हणेन तेव्हाच."

"मॅडम, अंड्यांची सवय हाय आमास्नी. रोजच उचलतोय," पैलवान म्हणाला. कुणी हसलं नाही. त्यानं पावसात, गुडघाभर पाण्याच्या गल्लीतून आईला असं नेलं, की तिच्या कपाळावरचं कुंकूसुद्धा हललं नाही.

मॅडम हॉस्पिटलला आल्या नाहीत. रक्त बघवत नाही म्हणाल्या. फाटकात उभ्या राहून ओरडल्या, "फोटो काढणाऱ्याला खुबा म्हणून सांग! कंबर हा शब्द काढू नकोस!" मी लिफ्टमध्ये असले की फोन, बिल करत असले की फोन. "अंगठा?" एवढंच. शेवटी मी वैतागून म्हटलं, "आता फोटोला आत नेलंय, मला अंगठा दिसत नाही."

मान मोडलीच होती. रुतून बसलेली होती, सरकलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले आणखी थोडी हलली असती तर डोकं बदलायला लागलं असतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्क्रू घातले. मी आनंदानं मॅडमना फोन केला.

"स्क्रू बसले म्हणजे हाड जुळेल," त्या म्हणाल्या. "डोकं जगलं का, ते आत्ता कळत नाही. कधीकधी दोन वर्षांनीही सुकतं."

मी फोन आपटला. माणसानं माणसाला सुखानं एक दिवससुद्धा राहू देऊ नये का? पण ते खरं होतं, डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं.

त्या दोन वर्षांत आई आधी वॉकरवर, मग काठीवर, मग नुसतीच चालायला लागली. गावी गेली. डॉक्टरांनी हाड जुळलं म्हणून सांगितल्यावर तिला हलकी कामं करायला परवानगी मिळाली, पण खाली बसण्याबद्दल मॅडमनी तिच्याकडून देवाची शपथ घेतली, शेवटचा फोटो होईपर्यंत नाही म्हणून. दर रविवारी त्या माझ्याकडून फोन लावून घ्यायच्या.

"जांघेत दुखतं का?"

"न्हाय."

"खोटं बोलू नका."

"आवो बाई, दुखत न्हाय तर काय मुद्दाम दुखवून घिऊ?" आई फोन दादाकडं द्यायची. मग मॅडम माझ्याकडं बघायच्या. "खरं बोलत असेल?" मला सांगता यायचं नाही. आमच्याकडच्या बायका 'दुखत न्हाय' कधी म्हणतात आणि खरंच कधी दुखत नाही, हे त्यांच्या पोटच्या पोरीलाही कळत नाही. आणि रविवारची माझी रात्र खराब जायची.

आई एकदा मला म्हणाली, "बाई येवढ्या शिकलेल्या, आन् येवढ्या भित्र्या कशा गं?" मी ते मॅडमना सांगितलं. त्यांना राग आला नाही. "भित्री नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माणूस चालताना दिसतं. मला ती मान दिसते. काय करू?"

शेवटचा फोटो काढायला आई आणि दादा आले तेव्हा मी रजा टाकली. डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावला, जुन्या फोटोंशी ताडून बघितला. डोकं गोल होतं. सुकलं नव्हतं. जिवंत होतं. "आता खाली बसलं तरी चालेल का?" मी विचारलं. डॉक्टरांनी हो म्हटलं. आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी नको ते बोलले होते.

घरी आलो तर मॅडम फाटकात. मी फोटोचं पाकीट पुढं केलं. त्यांनी ते घेतलं, पण उघडलं नाही.

"डॉक्टर चांगलंच बोलले," मी म्हटलं.

"बोलू देत. मला बघू दे."

त्यांना काय बघायचं होतं ते मला कळेना. आईला कळलं. गावाकडून तिनं मेथीची मोठी जुडी आणली होती. ती घेऊन ती मॅडमच्या स्वयंपाकघरात गेली, पेपर अंथरला आणि दोन्ही पायांवर उकिडवी बसली. सरळ, एका दमात, कशाला न धरता. त्या बसण्यात चांगला सराव दिसत होता. शपथेचं काय झालं होतं ते आम्हा दोघींना एकदमच उमजलं. दादा पंख्याकडं बघायला लागला.

मॅडम दाराला टेकून उभ्या राहिल्या. आई मेथी निवडत होती, गावातल्या कुणाच्या तरी सुनेबद्दल सांगत होती. मधेच मॅडम म्हणाल्या, "जरा इकडं तोंड करून बसता? तो पाय दिसत नाही."

"घ्या बघून," म्हणत आई बसल्या बसल्या फिरली आणि पुढं निवडत राहिली.

मी पण तिथंच उभी होते. ऑफिसातून दोन फोन आले, मी घेतले नाहीत. बसणं ठीक होतं. उठणं बाकी होतं. शेवटची काडी पाल्यातून बाजूला गेली, आईनं पेपर गोळा केला, एका हातात पाला, दुसऱ्या हातात कचरा. टेकायला हातच उरला नाही. आणि ती उठली. वाकडी न होता, तोंड न करता, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभी राहिली.

मॅडमचा हात माझ्या दंडावर होता. तो कधी आला ते मला कळलंच नव्हतं. नखं रुतली होती.

आईनं आमच्याकडं बघितलं, मग ओट्याकडं. "काय बघाय लागलाय दोघी?" ती म्हणाली. "भाजी निवडून झाली की. कढई ठेवा कुणीतरी."